बावीस मिनिटांचा सूर्य

कल्याणला खडकपाड्यात माझी धाकटी बहीण राहते. तिच्या हॉलमध्ये टीव्हीच्या जागेवर आता तिच्या मुलाचा कॉम्प्युटर आहे. लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून त्याने तो स्वतः जुळवलेला. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी एका रविवारी मी डोंबिवलीहून तिच्याकडे गेले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलो होतो आणि हॉलमधून मंद, सुस्कारा टाकल्यासारखं संगीत ऐकू यायला लागलं. बहिणीने मान वर न करताच सांगितलं, "वाजलं बघ. आता मरणार हा."

मी हात पुसत बाहेर आले. पडद्यावर लालबुंद फुगलेला सूर्य एकदम आक्रसला आणि मग निळ्या-पांढऱ्या उजेडाचा लोट चहूकडे फुटला. भाच्याचं ते लाकडी यान, त्याच्या खालचा ग्रह, जे वाटेत येईल ते गिळत तो लोट पुढे आला. अंधार. आणि पुढच्याच क्षणी भाचा एका शेकोटीशेजारी डोळे उघडत होता, वर शांत आभाळ, जणू काही झालंच नाही.

सोफ्यावर आमची आई बसली होती. "हे काय रे? मेला की उठतो आणि परत चालला तिकडेच मरायला. शिकत म्हणून काही नाही."

"आजी, शिकायचं एवढंच तर आहे यात," तो म्हणाला.

त्याला ते बोलून गेल्याचं कळलंही नसेल, पण मी त्या वाक्यापाशी अडकले. कारण मी ज्या व्हिडिओ गेमवर वाढले त्यात शिकण्याचा संबंध फक्त अंगठ्यांशी होता. नव्वदच्या दशकात डोंबिवलीत आमच्या इमारतीत एका घरी चौकोनी पिवळ्या कॅसेटवाला गेम होता; कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत खरे वीस-पंचवीसच गेम. त्यातही अंतराळ होतंच. वरून शत्रूची यानं रांगेने उतरत, खालून आपण गोळ्या झाडत राहायचं. ते अंतराळ म्हणजे काळा पडदा. तिथे कोण राहतं, ती यानं कुठून येतात, हे विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नाही.

भाचा खेळत होता तो गेम म्हणजे 'आउटर वाइल्ड्स'. अ‍ॅलेक्स बीचम नावाच्या विद्यार्थ्याने लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात पदव्युत्तर शिक्षणाचा प्रकल्प म्हणून तो सुरू केला. पुढे मोबियस डिजिटल या छोट्या स्टुडिओने तो हाती घेतला. हा स्टुडिओ मासी ओका या अभिनेत्याने काढलेला. 'हीरोज' ही अमेरिकन मालिका ज्यांनी पाहिली असेल त्यांना तो वेळ थांबवणारा हिरो नाकामुरा म्हणून आठवेल, आणि वेळेशी खेळणारा हा गेम त्याच्याच स्टुडिओतून यावा ही गंमतच. लेखन अ‍ॅलेक्सच्या बहिणीचं, केल्सी बीचमचं. अर्धवट अवस्थेतच २०१५ मध्ये स्वतंत्र गेमनिर्मात्यांच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, २०१९च्या मे महिन्यात तो पूर्ण होऊन बाजारात आला आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या बाफ्टाने त्याला वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवलं.

कथा म्हटली तर एवढीशी. एका छोट्या ग्रहावरच्या, चार डोळ्यांच्या, लाकूडकाम आणि शेकोट्या यांची आवड असलेल्या लोकांनी स्वतःचा अंतराळ कार्यक्रम काढला आहे. आज तुमचं पहिलं उड्डाण. यान म्हणजे फळ्या ठोकून केलेली टपरी. तुम्ही गावातल्या वेधशाळेत जाता, उड्डाणाचा कोड घेता, निघता. आणि बरोबर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो. पुन्हा तीच शेकोटी, तीच सकाळ, तीच बावीस मिनिटं.

बावीस मिनिटं म्हणजे किती, हे आपल्याकडच्या माणसाला घड्याळ न लावता कळतं. फास्ट लोकलला ठाण्याहून कल्याणला यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ठाण्याला गाडी पकडली, डोंबिवलीला अर्धी रिकामी झाली, पत्रीपुलाखालून पुढे सरकली, की संपलं विश्व. तेवढ्या वेळात एखादा ग्रह गाठायचा, तिथे काही सापडतं का बघायचं, आणि सापडलेलं फक्त डोक्यात ठेवायचं. कारण बरोबर दुसरं काही येत नाही. पैसे नाहीत, हत्यारं नाहीत, ताकद वाढत नाही. यानातल्या एका फळ्यावर सापडलेल्या दुव्यांची नोंद तेवढी टिकते.

आपल्या सापशिडीत ९८वर साप चावला की माणूस तळाशी येतो आणि हातात काहीही उरत नाही. फाशांना आठवण नसते. वेताळ पंचविशीचं तसं नाही. विक्रमाने तोंड उघडलं की वेताळ झाडावर, पुन्हा तीच वाट, पुन्हा तेच प्रेत खांद्यावर. पण दर खेपेला विक्रम एक गोष्ट जास्त ऐकून आलेला असतो. भाच्याचा खेळ या दुसऱ्या जातीचा. तो पूर्ण करायला जे लागतं ते पहिल्या मिनिटापासून तुमच्यापाशी असतं. फक्त ते आहे हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून हा गेम एकदा संपवलेल्याला दुसऱ्यांदा खेळता येत नाही. कळलेलं विसरता आलं तरच जमेल.

हा प्रकार आला कुठून, हे थोडक्यात सांगते. अंतराळ आणि व्हिडिओ गेम यांची गाठ पहिल्यापासूनची आहे. १९६२ मध्ये एमआयटीतल्या स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' केला, त्यात मधोमध तारा होता आणि त्याचं गुरुत्वाकर्षणही. १९८४च्या 'एलीट'मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी आजच्या एका फोटोपेक्षाही कमी जागेत आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. पण शोध घेण्याचा, वाट चुकण्याचा, भिंतीवर हात फिरवत पुढे जाण्याचा धागा तिथला नाही. तो आला जमिनीखालून. विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रॅमर गुहा धुंडाळणारा माणूस होता. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेचे नकाशे करण्यात तो आणि त्याची बायको दोघंही असत. घटस्फोट झाला, मुली लांब गेल्या, आणि त्यांच्यासाठी त्याने १९७६च्या सुमारास 'कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' लिहिला. चित्र एकही नाही, नुसते शब्द. तुम्ही टाइप करायचं, संगणक सांगणार समोर काय आहे. आज परग्रहावरच्या भुयारात टॉर्च लावून चालणारी पोरं त्या बापाने लिहिलेल्या गुहेतच चालत असतात.

पुढच्या काळात या प्रकाराला 'वॉकिंग सिम्युलेटर' असं नाव पडलं. चेष्टेने. यात काय, नुसतं चालायचंच आहे की! पर्वतीवर रोज चालायला जाणाऱ्याला जाऊन कोणी असं म्हणून दाखवावं.

आता त्या गेमच्या आतल्या विज्ञानाकडे येते, कारण मला खरी भुरळ तिथे पडली.

त्यातले ग्रह अगदी चिमुकले आहेत, थोड्या वेळात चालत प्रदक्षिणा घालता येईल एवढे. पण ते खरोखर फिरतात. चित्रासारखे मागे लटकवलेले नाहीत. तुम्ही असा वा नसा, बावीस मिनिटांत प्रत्येकावर काही ना काही घडतच असतं. दोन जुळे ग्रह एकमेकांभोवती फिरतात आणि एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जात राहते, वाळूच्या घड्याळासारखी. त्यामुळे दुसऱ्यावरची भुयारं सुरुवातीला मोकळी असतात आणि मग भरत जातात. पहिल्यावरचे मनोरे सुरुवातीला गाडलेले असतात आणि मग उघडे पडतात. कुठे जायचं यापेक्षा कुठे कधी जायचं हा प्रश्न मोठा. कसारा लोकलने रोज जाणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हे सगळं हलतं ठेवण्यात एक तांत्रिक अडचण होती. संगणक स्थान मोजतो ते शून्यबिंदूपासूनच्या अंतरात. अंतर वाढत गेलं की दशांश चिन्हापुढचे आकडे अपुरे पडतात, मोजमाप ढोबळ होतं आणि वस्तू थरथरायला लागतात. यावर गेम करणाऱ्यांनी काढलेला उपाय ऐकून मी भाच्याला पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की ना? उपाय असा की खेळाडू कायम शून्यावर. तो जागचा हलतच नाही. तुम्ही यान पुढे दामटता तेव्हा प्रत्यक्षात सूर्य, ग्रह, वाळू, सगळं विश्व मागे सरकवलं जातं.

डोंबिवली स्टेशनात आपली गाडी उभी असते, शेजारची सुटते आणि पोटात गोळा येतो की आपलीच निघाली. मग खांब दिसतो आणि कळतं. त्या गेममध्ये खांबच नाही. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस याच अनुभवाचा दाखला दिला होता: नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. पंधराशे वर्षांनी कोणीतरी नाव जागच्या जागी ठेवून काठच ओढायला घेतला!

त्या विश्वातला एक ग्रह आतून पोकळ आहे. त्याच्या पोटात कृष्णविवर. वर फिरणाऱ्या ज्वालामुखी चंद्रावरून धगधगते गोळे पडतात, कवचाचे तुकडे निखळतात आणि आत गडप होतात. पाय घसरला की तुम्हीही. मी खेळायला बसले तेव्हा माझी पहिली उडी अशीच चुकून पडली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर सूर्यमालेच्या दूरच्या टोकाला तरंगत होते, मागे एक पांढरा गोळा. "मावशी, व्हाइट होल," भाचा म्हणाला. "इकडून आत, तिकडून बाहेर."

श्वेतविवर. हा शब्द मला त्याच्या किती तरी आधीपासून ठाऊक होता आणि तो मराठीतूनच आला होता. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं; शाळेच्या सुट्टीत मामाकडे ठाण्याला गेले की मामाच्या कार्डावर मी तिथून पुस्तकं आणायची. त्यातच जयंत नारळीकर हाती लागले. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर'. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. आद्याक्षरं बघा, ज. वि. ना. उलटी केलेली. अक्षर कोणी ओळखू नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हस्ताक्षरात उतरवून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आणि १९७४ मध्येच नारळीकर, अप्पाराव आणि नरेश दधीच या तिघांचा श्वेतविवरांतून बाहेर पडू शकणाऱ्या उच्च ऊर्जेच्या किरणोत्साराविषयीचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये छापून आला. म्हणजे एकाच वर्षी एकाच माणसाने एका हाताने गोष्ट लिहिली आणि दुसऱ्या हाताने गणित. श्वेतविवर आजवर कोणाला दिसलेलं नाही. समीकरणांत ते आहे आणि भाच्याच्या गेममध्ये आहे.

गेममधलं सगळंच विज्ञान मात्र असं समीकरणाला धरून नाही. सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होणार, इथवर ठीक. पण सूर्याएवढ्या ताऱ्याचा महास्फोट होत नाही. त्यासाठी जन्मतःच सूर्याच्या आठपट किंवा जास्त वस्तुमान लागतं. आपला सूर्य सुमारे पाच अब्ज वर्षांनी बाहेरचे थर सोडून देत श्वेतबटू होऊन विझत जाईल. मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तो आपला सूर्य नाहीये, मावशी." मुद्दा बरोबर होता. मी गप्प बसले.

मरू घातलेला तारा बघायचा तर कल्याणहून कर्जत लोकल धरावी, बदलापूरच्या पुढे वांगणीला उतरावं. १९८५-८६च्या हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास खगोल मंडळ उभं राहिलं आणि पुढे वांगणीच्या मोकळ्या माळावर त्यांचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होऊ लागले. कल्याणात आकाश मित्र मंडळ होतं, ठाण्यात दा. कृ. सोमन पंचांगाच्या निमित्ताने लोकांची मान वर करायला लावत होते. आमच्या भागातल्या किती तरी पोरांनी पहिली दुर्बीण अशीच बघितली. मी नववीत असताना वांगणीला गेले ते सतरंजी, चादर आणि टॉर्च घेऊन. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद रबरबँडने बसवलेला, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. मृग नक्षत्रातली काक्षी ही तारका दाखवत मंडळाच्या दादा लोकांनी सांगितलं, ही कधीतरी फुटणार आहे. उद्या किंवा लाख वर्षांनी. फुटलीही असेल, उजेड अजून वाटेत असेल. त्या रात्री मी झोपेच्या ग्लानीत दर थोड्या वेळाने मान वळवून काक्षी आहे ना ते बघत होते. २०१९च्या शेवटी ती खरंच मंदावली तेव्हा जगभरचे लोक तसेच मान वळवून बघायला लागले. पुढे निघालं की ताऱ्याने टाकलेल्या धुळीने उजेड अडवला होता.

आता मूळ मुद्दा. आणि इथे मला गेममधलं एक गुपित फोडावं लागणार आहे. ज्यांना स्वतः खेळायचा आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडावेत.

त्या सूर्यमालेत फार पूर्वी, लाखो वर्षांपूर्वी, दुसरे लोक येऊन गेलेले असतात. नोमाई. तीन डोळ्यांचे, भटके, बोलके. ते सगळे मेले आहेत. त्यांच्या वस्त्या उरल्या आहेत आणि भिंतींवर त्यांचं लिखाण उरलं आहे. हे लिखाण ओळींत नसतं, गोल वळत जाणाऱ्या वेलांटीत असतं. एकाने काही लिहिलं की दुसरा त्या वेलांटीला फांदी फोडून उत्तर लिहितो, त्याला तिसरा. तुमच्याजवळ भाषांतराचं यंत्र असतं, ते फिरवलं की वेलांटी उजळते आणि वाचता येतं. मला वाटलं होतं की मेलेल्या थोर संस्कृतीचं लिखाण म्हणजे आज्ञापत्रं, स्तोत्रं, इशारे असणार. निघालं काय? हिशेब चुकल्याबद्दलची कुरबुर. कोणाला कोण आवडतं त्याची थट्टा. वरिष्ठांना न विचारता केलेले उद्योग. आणि मुलांचे खेळ.

त्यातल्या एका भुयारात एका प्रचंड माशाचा सांगाडा दगडात अडकलेला आहे आणि जवळच्या भिंतीवर नोमाई मुलांनी आपल्या खेळाचे नियम लिहिलेत. एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. तो मासा. बाकीच्यांनी त्याच्याजवळून चाहूल न देता पलीकडे जायचं. भाच्याने हे वाचून दाखवलं आणि सोफ्यावरून आई म्हणाली, "म्हणजे आंधळी कोशिंबीर."

भाचा थांबला. गेले चार दिवस तो त्या सूर्यमालेतल्या एका धुक्याने भरलेल्या जागेत जिवंत माशांच्या जबड्यात मरत होता. वेग वाढवून पाहिला, दिवे बंद करून पाहिले. आता त्याने आजीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या त्या नियमांकडे. त्या मुलांनी माशाच्या डोळ्यांवर पट्टी का बांधली? कारण मासा आंधळा असतो, हे त्यांच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणजे दिव्यांचा काही संबंध नाही. इंजिनाचा आवाज करायचा नाही. पुढच्या खेपेला त्याने धुक्यात शिरण्याआधी वेग घेतला, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. यान आपल्याआपण तरंगत माशांच्या मधून गेलं. हॉलमध्ये आम्ही चौघंही श्वास रोखून होतो. बहीण हातात झारा घेऊन दारात.

असल्या गेमची सगळी करामत इथे आहे. मेलेल्या माणसांचं महत्त्वाचं ज्ञान त्यांच्या सहज लिहून ठेवलेल्या, पोरकट, बिनमहत्त्वाच्या ओळीत अडकलेलं असतं आणि ते सोडवायला तुम्ही कधीतरी अंगणात आंधळी कोशिंबीर खेळलेलं असावं लागतं.

याच जातीचे आणखी दोन गेम सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'टॅकोमा' २०१७चा. गोष्ट २०८८ सालातली, पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधल्या एका मालवाहतुकीच्या अंतराळस्थानकावरची. तुम्ही पोचता तेव्हा स्थानक रिकामं आहे. सहा कर्मचाऱ्यांच्या हालचाली तेवढ्या रंगीत सावल्यांच्या रूपात नोंदवलेल्या आहेत. नोंद मागे-पुढे करता येते. एकदा एकीच्या मागे स्वयंपाकघरात जायचं, मग तीच पाच मिनिटं पुन्हा लावून दुसऱ्याच्या मागे त्याच्या खोलीत. करारावर नेमलेली माणसं, कंपनीच्या निष्ठेचे गुण साठवणारी, घरी मेसेज पाठवणारी. त्यांच्या टेबलांचे खण उघडून बघताना मला उगीच चोरटं वाटत राहिलं. चाळीत वाढल्यामुळे दुसऱ्याच्या घरातलं न बघता कसं बघायचं याचे संस्कार घट्ट आहेत.

दुसरा 'हेवन्स व्हॉल्ट', २०१९चा, केंब्रिजच्या इंकल या स्टुडिओचा. नायिका अलिया पुरातत्त्वज्ञ. नेब्युलात वाहणाऱ्या नद्यांतून शिडाच्या यानाने चंद्रांमागून चंद्र धुंडाळते. इथे भाषांतराचं आयतं यंत्र नाही. एक मृत चित्रलिपी आहे आणि प्रत्येक शब्दाचा अंदाज तुम्हीच करायचा. अंदाज चुकला तर गेम लगेच कान पकडत नाही. तो चुकीचा अर्थ घेऊनच तुम्ही पुढे जाता, त्यावर आणखी अंदाज रचता आणि कितीतरी वेळाने एखाद्या देवळाच्या दारावर ते वाक्य बसेनासं होतं. मग मागचं सगळं उसवायचं.

खरी लिपी अशीच वाचली गेली आहे. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप कलकत्त्यात बसून सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे बघत होता. त्याच्या ध्यानात आलं की बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. कठड्याच्या एकेका दगडावर लोक काय लिहीत असतील? तेच, जे आपल्या देवळात पंख्याच्या पात्यावर आणि बाकाच्या पाठीवर लिहिलेलं असतं. अमक्याकडून भेट. प्रिन्सेपने ती अक्षरं 'दानं' अशी वाचली आणि ब्राह्मीचं कुलूप निघालं.

या सगळ्या गेमच्या उलट टोकाला 'नो मॅन्स स्काय'. २०१६ मध्ये आला तो १८ वर १८ शून्यं एवढ्या ग्रहांचा डंका पिटत. सगळे ग्रह गणिती सूत्राने तयार होणारे. पहिल्या वर्षी लोक चिडले, पुढे कंपनीने वर्षानुवर्षं फुकट भर घालून तो खूप सुधारला, हे मान्य. पण मला तिथे करमलं नाही. जांभळं गवत, हिरवं आभाळ, पुढच्या ग्रहावर हिरवं गवत, जांभळं आभाळ. एवढ्या अफाट जगात कोणी आंधळी कोशिंबीर खेळून गेलेलं नव्हतं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर भाच्याला घेऊन आम्ही नाणेघाटात गेलो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजच्या रस्त्याला वैशाखरे गावापर्यंत एसटी, तिथून चढ. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे मोठं बंदर होतं. ग्रीक भाषेतल्या समुद्रप्रवासाच्या जुन्या पुस्तिकेत त्याचं नाव येतं. बंदरावर उतरलेला माल बैलांवर लादून या घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे, जकातीचे पैसे त्यात टाकत असं सांगतात. आणि ऐन खिंडीत सातवाहनांनी खोदलेली गुहा.

वाटेत मी त्याला कल्याणच्या सोनाराचं सांगत होते. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं खोदवून दिल्याचा लेख आहे. नाव, गाव, धंदा आणि टाकं, एवढंच. राजा नाही, लढाई नाही.

"म्हणजे खडकपाड्याचा पण असेल," तो म्हणाला.

गुहेत डावी-उजवीकडच्या भिंती ब्राह्मी अक्षरांनी भरलेल्या. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख. तिने आणि राजाने केलेले यज्ञ, दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, नाणी. किती दिलं ते आकड्यांत कोरलंय, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांमध्ये त्यांची गणना होते. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात ते उलगडले. मधले मोठे तुकडे झिजून गेलेत, ओळ सुरू होते आणि दगडात विरते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांचे पुतळे होते. वर नावं आहेत, सिमुक, सातकर्णी, नागनिका. खाली फक्त पावलांच्या खुणा उरल्या आहेत.

भाच्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि समोरून न धरता भिंतीला टेकवून आडवा धरला. उजेड तिरपा पडला तशी पुसट अक्षरं सावली धरून वर आली. हे त्याला कोणी शिकवलं, मी विचारलं नाही. तो एक एक ओळ उजवीकडे सरकत गेला, झिजलेल्या भागापाशी थांबला, टॉर्च खाली-वर करून पाहिला, पुढच्या अक्षराला बोट न लावता बोटभर अंतरावर धरून मोजत राहिला. बाहेर कोकणाकडून धुकं वर चढत होतं. कोणीतरी खालून हाक मारली की शेवटची एसटी चुकेल.

"दोन मिनिटं," तो म्हणाला. "हा आकडा आधीच्या ओळीत पण आहे."